मुलामागे जायला ताई मोकळ्या हव्यात

जानेवारी उजाडला की पुण्या-मुंबईत, आणि आता नाशिक-कोल्हापुरातही, बालवाडीच्या प्रवेशांची धावपळ सुरू होते. शाळा बघायला गेलेले आईबाबा रंगीत टेबलं बघतात, वाळूचा हौद बघतात, सीसीटीव्ही आहे का, बस दारापर्यंत येते का ते विचारतात. माहितीपत्रकावर ‘बालकेंद्री’, ‘मुलांच्या कलाने’, ‘माँटेसरी’ असे शब्द ठळक छापलेले असतात आणि फी त्याच मानाने चढलेली असते. वर्गात उभ्या असलेल्या ताईंना महिन्याला किती पगार मिळतो, त्यांच्याकडे किती मुलं आहेत, मुलं घरी गेल्यावर उद्याच्या तयारीसाठी त्यांना वेळ मिळतो का, हे मात्र जवळपास कुणीच विचारत नाही. मुलांच्या कलाने चालणारं शिक्षण खरं की नुसतं पाटीवरचं, हे याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरतं असं माझं ठाम मत आहे. साहित्य विकत मिळतं, इमारत भाड्याने मिळते. मुलाकडे नीट बघणारं आणि बघितल्यावर काय करायचं हे जाणणारं मोठं माणूस असं आयतं मिळत नाही. ते घडवावं लागतं आणि टिकवावं लागतं.

‘मुलांच्या कलाने’ म्हटलं की एक आजोबा हमखास विचारतात, “म्हणजे दिवसभर नुसती खेळणार? मग शिकणार कधी?” दुसरीकडे एखादी उत्साही आई म्हणते, “किती छान, काही लादायचंच नाही!” दोघांचाही समज एकच आहे, की अशा वर्गातून मोठं माणूस बाजूला होतं. प्रत्यक्षात ते बाजूला होत नाही. फळ्यापुढे उभं राहून चाळीस मुलांना एकच गोष्ट सांगण्यापेक्षा त्याचं काम कितीतरी वाढतं.

माँटेसरी वर्गाचं उदाहरण घेऊ, कारण तिथली रीत नेटकी लिहून ठेवलेली आहे. १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी पहिलं ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं, तेव्हापासून तिचा गाभा फारसा बदललेला नाही. तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात असतात. कपाटं त्यांच्या हाताला येतील इतकी बुटकी. प्रत्येक साहित्याचा शक्यतो एकच संच, म्हणजे दुसऱ्याचं काम होईपर्यंत थांबणंही आपोआप शिकलं जातं. गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात, सगळ्यात लहान एक सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा. दट्ट्यांच्या पेटीत, म्हणजे मूठ असलेल्या लहानमोठ्या लाकडी दंडगोलांच्या ठोकळ्यात, प्रत्येक दट्ट्याची खाच ठरलेली. एखादा चुकीच्या खाचेत गेला तर शेवटी एक दट्ट्या उरतो किंवा बसतच नाही, आणि ‘चुकलं’ असं कुणी सांगावं लागत नाही. काय घ्यायचं ते मूल ठरवतं. कपाटात काय ठेवायचं ते ताई ठरवतात. ते कसं हाताळायचं हे ताई एकदा सावकाश, मोजक्या शब्दांत करून दाखवतात आणि मग मूल ते मनसोक्त करतं. सलग अडीच-तीन तास मध्ये घंटा होत नाही.

वाचायला सोपं वाटतं. पुण्यातल्या एका लहानशा खासगी बालवाडीत मागे बसून बघायची संधी मला मिळाली, तेव्हा त्यातली मेहनत दिसली. पाच वर्षांची एक मुलगी पाण्याच्या कोपऱ्यात होती. एक उंच अरुंद बाटली, एक पसरट वाडगा, शेजारी पुसायला फडकं. ती वाडग्यातलं पाणी बाटलीत ओतत होती, सांडत होती, पुसत होती, पुन्हा ओतत होती. एक मुलगा येऊन बाटली ओढायला लागला तेव्हा ताईंनी नुसता हात मध्ये धरला, तो गेला. बाकी सगळा वेळ त्या बुटक्या स्टुलावर बसून वहीत लिहीत होत्या. शाळा सुटल्यावर त्यांनी ती नोंद मला वाचायला दिली: “उजव्या हाताने ओतते, डावा हात बाटलीला लावत नाही. बाटली काठोकाठ भरली तरी वाडग्यात पाणी उरलं, तेव्हा थांबली. दोन्हींकडे बघितलं. सगळं परत वाडग्यात ओतून पुन्हा करून बघितलं.” दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात एक नरसाळं आणि सारखंच पाणी मावणाऱ्या दोन बरण्या आल्या होत्या, एक उभट, एक बसकी. मुलीला कुणी बोलावलं नाही. ती आपणच गेली, आणि दोन्हींत पाणी ओतून मैत्रिणीशी तावातावाने वाद घालू लागली की उंच बरणीत जास्त मावतं. तिचं उत्तर अजून चूक होतं. ताईंनी ते दुरुस्त केलं नाही, कारण ती ओतून बघण्याच्या बेतात आहे हे त्यांना दिसत होतं.

त्या चार ओळींच्या नोंदीत आणि दोन बरण्यांत या पद्धतीचं सगळं मर्म आहे. पण त्यासाठी ताईंना अर्धा तास एका मुलीकडे बघता आलं पाहिजे. तिने थांबून दोन्ही भांड्यांकडे का बघितलं असेल याचा अंदाज बांधता आला पाहिजे. शाळा सुटल्यावर नेमक्या तशा बरण्या शोधून, पाणी मोजून बघायला तासभर मिळाला पाहिजे. एकटीकडे पस्तीस मुलं असली, दुपारी दुसरी तुकडी असली आणि संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायला फोटो काढायचे असले, तर यातलं काहीही होणार नाही. पाण्याचा कोपरा असेल, बाटली असेल, आणि सांडलं म्हणून ओरडा असेल.

या पद्धतीवर प्रेम करणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. मूल सगळंच आपण होऊन शोधून काढतं, ही समजूत चुकीची आहे आणि तिने नुकसान होतं. चिंचोके वाटता वाटता भागाकार कळू शकतो, पाणी ओतता ओतता आकारमान कळू शकतं. पण ‘क’ हा आकार आणि क हा आवाज यांचं नातं निसर्गात कुठेच पडलेलं नसतं. लिपी माणसांनी ठरवली, ती माणसांनीच सांगावी लागते. माँटेसरींनी वाळूच्या कागदाची अक्षरं केली ती यासाठीच: मूल बोटाने आकार गिरवतं आणि त्याच वेळी ताई आवाज सांगतात. आपल्याकडे फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने वाचनावर वर्षानुवर्षं काम केलं. सगळी वर्णमाला, मग सगळी बाराखडी, मग शब्द अशी लांबलचक वाट न धरता मोजकी अक्षरं आणि त्यांच्यासोबत लगेच एखाद-दुसरं स्वरचिन्ह घेतलं, तर पोराला थोड्याच काळात अर्थ असलेला शब्द वाचता येतो. हे नीट आखलेलं, पायरीपायरीने केलेलं शिकवणंच आहे. तरीही ते मुलाच्या कलाचं आहे, कारण पुढची पायरी कधी चढायची हे कॅलेंडर ठरवत नाही. मूल कुठपर्यंत आलंय ते बघून ताई ठरवतात.

आकड्यांचंही तेच. दहादहा मण्यांच्या सहा माळा आणि तीन सुटे मणी हातात धरलेल्या मुलाला ६३ म्हणजे किती हे पक्कं कळलेलं असतं. अडतं ते नावापाशी. ‘त्रेसष्ट’मध्ये तीन आधी येतात आणि साठ नंतर, ‘एकोणसाठ’ तर पन्नाशीत राहून साठाचं नाव लावतो. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टच्या जोडीने ‘साठ तीन’ असंही वाचायला दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. विधिमंडळापासून वाहिन्यांपर्यंत भाषा बुडाल्याची ओरड झाली. माळा हातात घेऊन बसलेल्या मुलाला काय सोपं जातं, याबद्दल मात्र फार थोडे बोलले. मला तो बदल योग्य वाटला होता, आजही वाटतो. ‘साठ तीन’ मुलाच्या हातातल्या माळांशी जुळतं, ‘त्रेसष्ट’ कानांवर पडून पडून बसतं, आणि दोन्हींना जागा आहे. पाढेही पाठ करून घ्यावेत, अगदी खणखणीत आवाजात, ठेक्यात. मुलांना तो ठेका आवडतो. फक्त बे चोक आठ म्हणजे काय हे आधी चिंचोक्यांनी मांडून झालेलं असावं.

म्हणजे काय सांगायचं, काय सांगायचं नाही, आणि कधी, हा निर्णय दर दिवशी, दर मुलामागे घ्यायचा. ठरलेल्या पुस्तकाची ठरलेली पानं पुरी करणाऱ्या शिक्षकाला हा निर्णय घ्यावाच लागत नाही.

बालवाडीपुरतं हे मान्य करणारे पालकही पहिलीपाशी येऊन थबकतात. “आता खरा अभ्यास सुरू.” २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत स्तर मानला, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून एकच सलग तुकडा. कागदावर ही भिंत पडली. खासगी शाळांत ती अजून उभी आहे. खालच्या मजल्यावर सतरंज्या आणि वाळू, वरच्या मजल्यावर बाक, डायरी आणि घटक चाचणी. एकाच संस्थेच्या, एकाच रंगाच्या इमारतीत जिना चढला की मूल वेगळ्या जगात जातं.

ती भिंत नसली तर काय होतं, त्याचा एक नमुना सांगते. पावसाळ्यात एका दुसरीच्या वर्गाच्या खिडकीवर गोगलगाय चढली. सगळा वर्ग तिकडे. एकाने विचारलं, “गोगलगायीला दात असतात का?” बाईंना उत्तर माहीत होतं. गोगलगायीच्या जिभेसारख्या पट्टीवर हजारो बारीक दात असतात. त्यांनी ते सांगितलं नाही. काचेचा एक तुकडा आणला, कड घासून बोथट केली, गोगलगाय त्यावर ठेवली आणि काकडीची पातळ चकती शेजारी. मुलं काचेखालून बघत बसली. काकडीवर खरवडल्यासारखे ओरखडे उठले, मग वाद सुरू झाले. दाताशिवाय खरवडता येतं का? मांजराच्या जिभेचं काय? मग कुणाला तरी तिचा वेग मोजायचा होता. पाच मिनिटांत ती ज्या चिकट वाटेने गेली तिच्यावर दोरा ठेवला, दोरा पट्टीवर धरला, आकडा फळ्यावर आला. दुसऱ्या गटाचा आकडा वेगळा आला, तेव्हा दोरा ताणला होता की सैल होता यावर भांडण झालं. सेंटिमीटर म्हणजे काय, मोजमाप सारखं का करावं लागतं, हा त्या महिन्याच्या नियोजनातला भाग असा पार पडला. दात आहेत हे बाईंनी शेवटी पुस्तकातलं चित्र दाखवून सांगितलं. साबणाने हात धुण्याची रांग लागली आणि घरी जाऊन प्रत्येकाने चार ओळी लिहिल्या, ज्या कुणी फळ्यावरून उतरवल्या नव्हत्या.

हे सुंदर आहे, पण नेहमी असं जमत नाही हेही मान्य करायला हवं. हातच्याची वजाबाकी शिकायची आस कुणा मुलाला आपणहून लागत नाही. आणि ‘मुलांचा कल’ म्हणताना आपण एक अडचण विसरतो. वर्गात मुलं असतात, मूल नाही. ज्यांना घरी पुस्तकं आहेत, ज्यांच्याशी मोठी माणसं गप्पा मारतात, ती पोरं आधी बोलतात, त्यांचे प्रश्न वर्गाचे प्रश्न होतात. कोपऱ्यात बसलेल्या अबोल मुलाचा कल कुणाच्या कानांवरच येत नाही. नुसत्या उत्साहावर सोडलेला वर्ग बोलक्यांच्या मागे जातो. म्हणून अशा बाईंच्या डोक्यात सबंध वर्षाच्या अभ्यासक्रमाचा नकाशा हवा आणि वहीत प्रत्येकाचं नाव हवं: कोण हातच्यापाशी अडकलंय, कोण जोडाक्षराला घाबरतंय, कुणी या आठवड्यात एकही प्रश्न विचारला नाही. शेवटची नोंद मला सगळ्यांत मोलाची वाटते.

इथे भाषेचा मुद्दा येतो, आणि त्याबद्दल आपल्या महाराष्ट्रातल्या खासगी शाळा जितक्या गप्प आहेत तितक्या दुसऱ्या कशाबद्दल नसतील. बालकेंद्री म्हणवणाऱ्या बहुतेक महागड्या बालवाड्या इंग्रजी माध्यमाच्या आहेत. घरात मराठी बोलणारं तीन वर्षांचं पोर तिथे जातं. त्याला पडणारा प्रश्न मराठीत पडतो. “मुंगी तिच्या घरी कशी जाते?” हे विचारायला त्याच्याकडे इंग्रजी नाही, आणि ताईंना इंग्रजीतच बोलायची ताकीद आहे. मग ते पोर ‘मे आय गो टु टॉयलेट’ आणि रंगांची नावं शिकतं आणि प्रश्न गिळतं. ज्या वर्गात मुलाला प्रश्न विचारता येत नाही तिथे मूल पुढे आणि ताई मागे असं होणारच कसं? गोगलगायीचा तो सगळा खटाटोप मराठीत झाला म्हणून झाला. वाद घालायला, ‘तुझा दोरा सैल होता’ म्हणायला, मुलाची स्वतःची बोली लागते. इंग्रजी शिकू नये असं मी म्हणत नाही. ती लवकर कानांवर पडावी, गाण्यांतून, गोष्टींतून पडावी. पण विचार करण्याची भाषा काढून घेऊन वर ‘तुझ्या कलाने शिक’ म्हणणं हा मुलावर अन्याय आहे. कोल्हापुरात लीला पाटील यांनी १९८५मध्ये सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालय, फलटणचं कमला निंबकर बालभवन, पुण्यातलं अक्षरनंदन, या मराठी माध्यमाच्या शाळांनी हे काम मुलांच्या भाषेत करून दाखवलं. फॅशनेबल शाळांच्या याद्यांमध्ये त्यांची नावं क्वचित दिसतात.

आपल्याकडे ही कल्पना श्रीमंतांच्या शाळेत वाढली नाही, हेही पालकांना सांगायला हवं. गिजुभाई बधेकांनी १९२०मध्ये भावनगरला दक्षिणामूर्तीचं बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक १९२३च्या सुमारास तिथे गेल्या आणि दोघांनी मिळून १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. भावनगरच्या बालमंदिरात सुखवस्तू घरांतली मुलं येत. पण ताराबाई तिथे थांबल्या नाहीत. १९४५मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, १९५७मध्ये कोसबाडच्या टेकडीवर, आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा वारल्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. अंगणवाडी ही तिथली कल्पना आणि तिथलंच नाव. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. परदेशी महाग साहित्याऐवजी बिया, शिंपले, खडे, पानं आली. आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी, मग खेळ. मुलाच्या मागे जायचं म्हणजे कधीकधी खरोखरच त्याच्या गुरांच्या मागे कुरणात जायचं, इतका तो अर्थ त्या दोघींनी शब्दशः घेतला होता. १९७५मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. नाव गेलं. पद्धत गेली नाही. आज अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन आहे, आणि पोषण आहार, वजनाच्या नोंदी, लसीकरण, मोबाईलवरची माहिती भरता भरता तिचा दिवस संपतो.

बाहेरचं रूप घ्यायचं आणि माणसाचा वेळ द्यायचा नाही, ही आपली जुनी खोड आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे कुमठ्याच्या आसपासच्या गटातल्या, जिल्हा परिषद शाळांनी दहा-बारा वर्षांपूर्वी ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं असं मानणारे, वर्ग उभे केले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक बघायला गेले. तिथल्या शिक्षिकांनी मुलांना जमिनीवर बसवून, गटात, साहित्य हाती देऊन शिकतं केलं होतं. परत येताना बऱ्याच जणांनी सोबत आणलं ते फरशीवरचं रंगकाम. गावोगावी वर्गांच्या फरशा रंगल्या, वर्गणी निघाली, फोटो गेले. फरशीवर आखलेल्या चौकटीत मुलांनी काय करावं हे ठरवणारा विचार मात्र तिथल्या बाईंच्या डोक्यात होता, तो रंगाच्या डब्यातून येणार नव्हता. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचं तर त्याहून वाईट झालं. मुलाचं निरीक्षण करून वर्णनात्मक नोंदी लिहायच्या, ही कल्पना किती चांगली! पण निरीक्षणाला वेळ दिलाच नाही, नोंदवही भरण्याची सक्ती तेवढी केली. मग बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, पीडीएफ फिरल्या, आणि हजारो मुलांच्या नावापुढे ‘परिसराविषयी कुतूहल दाखवतो’ असं एकसारखं लिहिलं गेलं. आता समग्र प्रगतिपत्रक आलंय. शिक्षकांना तास मोकळे करून दिले नाहीत तर त्याचंही तेच होणार आहे, आणि दोष पुन्हा शिक्षकांच्या माथी येईल.

या पद्धतीने खरंच फायदा होतो का, असं विचारणं रास्त आहे. अमेरिकेत मिशिगनच्या इप्सिलँटी गावात १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या १२३ मुलांचे दोन गट पाडले गेले, एकाला बालवाडी मिळाली, दुसऱ्याला नाही. पेरी बालवाडी म्हणून हा प्रयोग ओळखला जातो. तिथे मुलं आधी काय करायचं ते ठरवत, मग करत, मग काय केलं ते सांगत. त्या मुलांचा माग त्यांच्या चाळिशीपर्यंत आणि पुढेही ठेवला गेला. बालवाडीतली मुलं अधिक प्रमाणात शाळा पुरी करू शकली, अधिक कमावती झाली आणि तुरुंगापासून अधिक दूर राहिली. या प्रयोगाचा दाखला बालवाड्यांच्या जाहिरातींत आणि सरकारी अहवालांत भरपूर दिला जातो. त्यातला एक तपशील मात्र गाळला जातो. तिथे दर पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती, आणि ती दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन दीडेक तास आईसोबत बसत असे. निष्कर्ष हवे असतील तर हा तपशीलही घ्यावा लागेल. उलट बाजूने बघायचं तर घोकंपट्टीने पाया पक्का होतो हा दावाही टिकत नाही. २०२२च्या ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नव्हता. ती मुलं काही बालकेंद्री शाळांत बिघडलेली नव्हती.

खासगी बालवाडी चालवणारे म्हणतात, “पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका आम्हाला परवडत नाही.” खरं आहे, तेवढी कुणी मागतही नाही. २०१३च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणाने तीन ते सहा वयासाठी वीस मुलांमागे एक मोठं माणूस एवढीच अपेक्षा ठेवली होती. तीही पाळली जात नाही, कारण ती पाळायला कायदा भाग पाडत नाही. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा आहे. त्यात मुलांची आणि पालकांची चाळणी लावायला बंदी आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे, आणि कलम २९मध्ये तर कृती, शोध आणि मुलाला अनुकूल वातावरण यांतूनच शिक्षण व्हावं असं स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे मुलांच्या कलाने शिकवणं ही पहिली ते आठवीच्या शाळांची मर्जी नाही, कायद्याने घातलेली जबाबदारी आहे. तीन ते सहाच्या मुलाला यातलं फारच थोडं मिळतं. बंगल्याच्या वाहनतळात पत्रे ठोकून, एखाद्या साखळीची फ्रँचायझी घेऊन, कुणालाही बालवाडी काढता येते. तिथे येणाऱ्या ताई बहुधा आसपासच्या सुशिक्षित गृहिणी असतात, कामाची आवड असते, आणि पगार इतका तुटपुंजा की रिक्षाचं भाडं वजा जाता फारसं हाती उरत नाही. दोन वर्षांत त्या सोडून जातात. नव्या ताई येतात, वही पुन्हा कोरी होते.

खासगी बालवाड्यांची नोंदणी आणि नियमन यावर आपल्याकडे वारंवार चर्चा होते, आणि दर वेळी ती खोल्यांची लांबी-रुंदी, अग्निशमन, कॅमेरे यांवर येऊन थांबते. सुरक्षितता हवीच. पण नोंदणीच्या अर्जात आणखी काही रकाने सक्तीचे करावेत अशी माझी मागणी आहे. शिक्षिकांची संख्या आणि त्यांचं प्रशिक्षण. प्रत्येकीकडे असलेली मुलं, वीसच्या आत. मुलं गेल्यानंतरचा तयारीचा वेळ, पगारी, रोजचा किमान एक तास. किती शिक्षिका गेल्या तीन वर्षांपासून त्याच शाळेत आहेत. मुलांशी कोणत्या भाषेत बोललं जातं आणि त्यांतल्या किती मुलांची ती घरची भाषा आहे. आणि जमा झालेल्या फीपैकी किती रक्कम शिक्षिकांच्या पगारावर जाते. ही माहिती शाळेच्या दारावर लावावी, संकेतस्थळावर टाकावी, दर जूनमध्ये नवी करावी. यासाठी नव्या धोरणाची वाट बघायची गरज नाही. सरकारी आदेशाचं एक पान पुरे आहे.

तो आदेश निघेपर्यंत पालकांच्या हातात एवढं आहे. या जानेवारीत शाळा बघायला जाल तेव्हा ताईंची वही बघायला मागा. इतर मुलांची नावं झाकून एखादी नोंद वाचून दाखवायला सांगा. आणि मुख्याध्यापिकांना विचारा, ही नोंद लिहायला तुम्ही त्यांना दिवसातला कोणता तास देता, आणि त्या तासाचे पैसे देता का.